फुलब्राइट ‘एफएलटीए’: भाषाशिक्षकांचे अर्ज नेमके कुठे अडतात

अमेरिकेतील विद्यापीठांत परकीय भाषा म्हणून शिकवल्या जाणाऱ्या भाषांसाठी त्या त्या देशातून तरुण शिक्षक नेणारा ‘फुलब्राइट फॉरिन लँग्वेज टीचिंग असिस्टंट’, म्हणजे एफएलटीए, हा कार्यक्रम आपल्याकडच्या महाविद्यालयांत ऐकून बऱ्याच जणांना माहीत असतो. जाहिरात शेवटपर्यंत वाचलेले मात्र थोडेच भेटतात. ओळखीतल्या शिक्षकांचे अर्ज पाठवण्यापूर्वी वाचून देण्याचे काम गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आपसूक येत गेले, आणि त्यांतले बरेचसे अर्ज मुलाखतीपर्यंत पोहोचण्याआधी, निव्वळ कागदांवर बाद झालेले मी पाहिले. पुढील मजकूर त्यासाठीच आहे.

कार्यक्रमाचे स्वरूप थोडक्यात असे. निवड झालेला शिक्षक सुमारे नऊ महिन्यांचे एक शैक्षणिक वर्ष अमेरिकन विद्यापीठात राहतो, आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आपली भाषा शिकवतो किंवा शिकवण्यास साहाय्य करतो, आणि प्रत्येक सत्रात किमान दोन अभ्यासक्रम स्वतः विद्यार्थी म्हणून पूर्ण करतो. वर्षभरातील या अभ्यासक्रमांत अमेरिकेचा समाज आणि इतिहास यांविषयीचा अभ्यासक्रम असावा लागतो. प्रवास, मासिक भत्ता, शुल्क आणि आरोग्यविमा यांची सोय कार्यक्रमातून होते. पदवी मात्र मिळत नाही, आणि जोडीदार किंवा मुले यांना सोबत नेता येत नाही. भारतातील अर्जांचे काम युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन ही १९५० च्या द्विपक्षीय करारातून उभी राहिलेली संस्था पाहते.

पात्रतेच्या अटी वाचायला सोप्या आहेत: भारतीय नागरिकत्व आणि भारतात वास्तव्य, किमान पदवी, इंग्रजीवर प्रभुत्व, अध्यापनाचा अनुभव किंवा प्रशिक्षण, आणि वय २१ ते २९. वय कोणत्या तारखेला मोजायचे ते त्या वर्षीच्या जाहिरातीत पाहावे. ज्यांची तिशी तोंडावर आली आहे त्यांनी ही ओळ दोनदा वाचावी. त्याच संस्थेच्या फुलब्राइट-नेहरू पदव्युत्तर शिष्यवृत्तीसाठी तीन वर्षांच्या पूर्णवेळ नोकरीची आणि ५५ टक्के गुणांची अट असते. ती अट इथली समजून अर्जच न केलेले दोन चांगले शिक्षक मला माहीत आहेत.

भाषेचा मुद्दा मराठी शिक्षकांना विशेष लागू आहे. कोणत्या भारतीय भाषांसाठी जागा आहेत हे अमेरिकन विद्यापीठांच्या मागणीवर ठरते आणि त्याची यादी जाहिरातीतच असते. शिकागो विद्यापीठासारख्या ठिकाणी मराठी शिकवली गेली आहे, एवढ्यावरून मराठीची जागा असणारच असे गृहीत धरू नये. यादीत मराठी नसेल तेव्हा आपल्याकडचे अनेक जण हिंदीसाठी अर्ज करतात. त्यास मनाई नाही, परंतु त्या भाषेवर मातृभाषेसारखी पकड अपेक्षित असते. हिंदी बोलताना ज्यांची मराठी डोकावते त्यांनी मुलाखतीपूर्वी ते ध्यानात घ्यावे. इंग्रजीचे शिक्षकही या कार्यक्रमाला पात्र असतात, मात्र तिथे जाऊन त्यांना इंग्रजी शिकवायची नसते, हे निबंधात विसरलेले अर्ज मी वाचले आहेत.

आता मुदतीविषयी. जाहिरातीत लिहिलेले वर्ष हे प्रस्थानाचे असते आणि अर्ज त्याच्या सुमारे एक वर्ष आधी बंद होतात. २०२७-२८ या शैक्षणिक वर्षासाठीची तयारी २०२६ मध्येच करावी लागते. ‘पुढच्या वर्षी जायचे आहे, तर पुढच्या वर्षी अर्ज करू’ हा हिशेब इथे चालत नाही. शिवाय कार्यक्रमाच्या जागतिक संकेतस्थळावर दिसणारी तारीख आणि भारतासाठीची तारीख एकच असेल असे नाही. आपल्याला बांधील ती भारताची. तिसरी गोष्ट अधिक घातक आहे: ती तारीख शिफारसपत्रांनाही लागू असते. तीन शिफारसकर्त्यांनी आपापली पत्रे स्वतः ऑनलाइन चढवायची असतात, आणि त्यांना येणारा दुवा बऱ्याचदा स्पॅममध्ये पडून राहतो. विभागप्रमुखांना ‘सर, मेल आली का?’ एवढे विचारण्याचा संकोच करून अर्ज गमावलेले शिक्षक आहेत. मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी दुवा पाठवावा आणि निःसंकोच आठवण करावी.

सर्वांत जास्त अर्ज जिथे रखडतात तो कागद म्हणजे नोकरीच्या ठिकाणचे संमतीपत्र, ज्यात निवड झाल्यास रजा मंजूर केली जाईल असे संस्था लिहून देते. विशीतला शिक्षक आपल्याकडे बहुधा तासिका तत्त्वावर असतो. त्याची नेमणूक त्या वर्षापुरती, मानधन तासावर, आणि रजा हा शब्दच त्याच्या नियुक्तिपत्रात नसतो. तो संमतीपत्र मागायला गेला की कार्यालयाचे उत्तर ठरलेले: तुम्ही आमचे कायम कर्मचारी नाही, तेव्हा रजा कसली मंजूर करायची? हे उत्तर नियमाला धरून असेलही, पण अर्ज मात्र त्यावर अडतो. एका महाविद्यालयात हेच पत्र कार्यालयातून प्राचार्यांकडे, तिथून संस्थेच्या सचिवांकडे आणि पुन्हा कार्यालयाकडे असे पंधरा दिवस फिरले, आणि अखेर सही झाली तेव्हा जावक क्रमांक टाकणारा लिपिक रजेवर होता. अशा वेळी रजेच्या मंजुरीचा हट्ट न धरता वस्तुस्थिती सांगणारे पत्र मागावे: संबंधित शिक्षक अमुक तारखेपासून तासिका तत्त्वावर अमुक विषय शिकवतो, आणि या कार्यक्रमात सहभागी होण्यास संस्थेची हरकत नाही. पत्र लेटरहेडवर असावे, त्यावर जावक क्रमांक, दिनांक, सही आणि शिक्का ही चारही असावीत, आणि आपल्या बाबतीत असे पत्र चालेल का हे फाउंडेशनला ईमेलने आधीच विचारून ते उत्तर जपून ठेवावे. अनुभवाच्या दाखल्यातही प्रत्येक वर्षाच्या नेमणुकीच्या तारखा वेगवेगळ्या लिहून घ्याव्यात. ‘२०२२ पासून कार्यरत’ असे मोघम लिहिल्यास मधल्या खंडाविषयी प्रश्न येतो.

दुसरा अडसर नावाचा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पदवीवर आईचे नाव जोडलेले, पासपोर्टवर मधले नाव वडिलांचे आणि आधारवर लग्नानंतर पतीचे, अशी एकाच व्यक्तीची चार नावे आपल्याकडे सहज निघतात. अर्ज पासपोर्टवरील नावानेच भरावा आणि बाकीच्या कागदांतील फरकाचा पुरावा जोडावा. लग्नानंतर नाव बदलले असल्यास विवाह नोंदणी प्रमाणपत्र, अन्य कारणाने बदलले असल्यास महाराष्ट्र शासन राजपत्रातील प्रसिद्धी. हे राजपत्र ऑनलाइन अर्ज करून मिळते, पण त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम अर्जाच्या महिन्यात काढू नये. ज्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकानाच रिकामा आहे त्यांनी तो आधी दुरुस्त करून घेतलेला बरा, कारण तोच घोळ पुढे व्हिसाच्या अर्जात उभा राहतो.

गुणपत्रिका सर्व सत्रांच्या द्याव्यात, पुनर्परीक्षेच्याही, आणि दोन्ही बाजूंनी स्कॅन कराव्यात. श्रेणी आणि गुण यांचे कोष्टक अनेक विद्यापीठांच्या गुणपत्रिकेच्या पाठीमागे छापलेले असते. ते नसेल तर ‘ओ’ म्हणजे काय आणि ‘बी प्लस’ म्हणजे काय हे वाचणाऱ्याला कळण्याचा मार्ग उरत नाही. टोफेल आणि आयईएल्टीएस या इंग्रजीच्या चाचण्यांचे गुण दोन वर्षेच ग्राह्य असतात, हेही तारीख पाहून ठरवावे.

निवडीच्या पायऱ्यांबद्दल एक कळकळीची सूचना. मुलाखतीनंतर येणारे ‘नॉमिनेशन’चे पत्र म्हणजे अंतिम निवड नव्हे. त्यानंतर अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाने आपल्याला स्वीकारावे लागते, आणि तसे न झाल्यास नॉमिनेशन तिथेच थांबते. त्या पत्राच्या आनंदात नोकरीचा राजीनामा देऊ नये, खोली सोडू नये.

या कार्यक्रमासाठी जे-१ या शैक्षणिक देवाणघेवाणीच्या व्हिसावर जाणाऱ्यांना वर्ष संपल्यावर मायदेशी परतून एकूण दोन वर्षे इथे राहण्याची अट असते. ती पूर्ण होईपर्यंत एच-१बी हा नोकरीचा किंवा कायम वास्तव्याचा व्हिसा मिळत नाही. ज्यांचे लग्न अमेरिकेत नोकरी करणाऱ्या व्यक्तीशी ठरले आहे किंवा ठरण्याच्या बेतात आहे, त्यांनी ही अट घरच्यांना अर्ज करण्यापूर्वीच वाचून दाखवावी.