करधईची मुळं : ग्वाल्हेर-शिवपुरीच्या रानामागचा इतिहास

शिंद्यांच्या छत्र्या बघायला ग्वाल्हेरच्या लष्कर भागातून शिवपुरीला निघालं, की वाटेत जागोजागी खुरटं, झुडपी रान लागतं. ओसाड म्हणून आपण त्याकडे बघतही नाही. त्यातलं पुष्कळसं झुडूप म्हणजे करधई, आपल्या धावड्याची सख्खी भावंडं.

शिवपुरी ही शिंद्यांची उन्हाळी राजधानी. महाराज माधवराव शिंद्यांच्या काळात १८९९ मध्ये छोट्या रुळांची गाडी तिथवर पोचली, आणि वेगळ्या फाट्याने १९०९ मध्ये श्योपुरला. दरबाराच्या शिकारीसाठी राखलेलं रान टिकलं, त्याचंच पुढे माधव राष्ट्रीय उद्यान झालं. बाहेरच्या रानावर मात्र सरपण, कोळसा आणि शेळ्यांचा भार पडत राहिला.

करधईचं बी बहुतेक पोकळ निघतं. म्हणून ती पसरते मुळांवरच्या फुटव्यांनी, आणि तोडली तर खुंटालाही फूट येते. शेळ्यांनी वरचेवर ओरबाडलं की ती उंची सोडून जमिनीलगत आडवी पसरते, चटईसारखी. अशी चटई वर्षानुवर्षं जिवंत राहते. चराई कमी झाली, की मधल्या फांद्या शेळीच्या तोंडाबाहेर जातात आणि तिथून सरळ शेंडा उठतो. वाढ फार सावकाश, पण पाणी घालावं लागत नाही, खड्डा खणावा लागत नाही. हे मला रोपवाटिकेतल्या हजारो रोपांपेक्षा मोलाचं वाटतं.

सरकारी धोरण अशा आपसूक वाढणाऱ्या रानाकडे उशिरा वळलं. १९८० च्या दशकात चंबळच्या बेहडांत, म्हणजे पाण्याने कातलेल्या घळींत, विमानातून वेड्या बाभळीचं बी फेकलं गेलं. माती धरायला तिचा उपयोग झाला, पण शेळ्यांच्या लेंड्यांतून ती इतकी पसरली की देशी झाडांना जागाच उरेना. १९८८ च्या वननीतीने गावकऱ्यांच्या गरजांना मान दिला. १ जून १९९० च्या केंद्राच्या परिपत्रकाने उजाड वनं राखण्यात गावाला भागीदार केलं. मध्य प्रदेशात गावोगाव वनसमित्या झाल्या, काही ठिकाणी चराईबंदी, कुऱ्हाडबंदी ठरली. वाकडे, चघळलेले फुटवे बुडाशी छाटून एका खुंटावर एक-दोन सरळ फांद्या ठेवायच्या, एवढंच मुख्य काम.

मार्च २०२५ मध्ये माधव उद्यान व्याघ्र प्रकल्प झालं. तिथे वाघ आले, ही आनंदाची गोष्ट आहेच. पण पुढच्या सहलीत रस्त्याकडेची ती हिरवी चटई दिसली, तर जरा वाकून तिचा बुंधा चाचपून बघा. वरचा फुटवा यंदाचा असेल, मूळ कदाचित आपल्या आजोबांच्या वेळचं.