खारदुंगला असो की नांदुरीचा घाट, डिस्कला तेल लावू नका
(माउंटन बाइक वापरणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

उन्हाळा संपत आला की लडाखला निघालेली मंडळी सायकल घेऊन दुकानात येतात. प्रश्न ठरलेला असतो : "लेहहून खारदुंगला एका दिवसात करायचाय, गिअर पुरतील ना?"

पुरतील. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, खिंड ५,३५९ मीटरवर. (पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, तो आकडा प्रत्यक्षापेक्षा जास्त होता.) मधलं अंतर सुमारे ३९ किलोमीटर, म्हणजे सरासरी चढ पाच टक्क्यांच्या आत. पुढे ३२ दातांची चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) आणि मागे ५१ दातांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरची दातेरी चक्रं) असेल तर गिअरची चिंता सोडा. तिथे कस लागतो तो विरळ हवेमुळे. माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्माच असतो. म्हणून आधी दोन-तीन दिवस लेहमध्ये विश्रांती घ्या आणि निघण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांशी बोलून घ्या.

आता जे कुणी विचारत नाही त्याबद्दल. चढून गेलात की तेवढंच उतरायचं असतं. सायकलस्वार आणि सायकल मिळून ९० किलो धरले, तर १,८५० मीटर उतरताना जी ऊर्जा मोकळी होते तिच्यात जवळपास पाच लिटर गार पाण्याला उकळी येईल. यातला काही वाटा वारा आणि टायर घेतात, बाकीचा सगळा बोटभर रुंदीच्या चार ब्रेक पॅडना पचवावा लागतो. चाकासोबत फिरणारी धातूची पातळ चकती म्हणजे डिस्क, तिला दोन्ही बाजूंनी दाबतात ते हे पॅड. आणि नेमके हेच पॅड तेलाने माखून आमच्याकडे येतात.

हे कसं होतं ते सांगतो. ब्रेक करकरायला लागतो. घरात गंज सोडवायचा स्प्रे असतो किंवा शिलाई मशीनचं तेल असतं. आवाज येतोय म्हणजे तेल हवंय असं वाटतं आणि डिस्कवर दोन फवारे बसतात. आवाज खरंच थांबतो, कारण घर्षणच थांबलेलं असतं. पॅडचा मसाला सच्छिद्र असतो, तेल आतपर्यंत शोषलं जातं. सपाट रस्त्यावर हे लक्षातही येत नाही. नाशिकच्या गंगापूर रोडवर फिरून आलं तर सायकल छान वाटते. त्र्यंबकपर्यंत कितीही वेळा गेलात तरी ब्रेकची खरी परीक्षा होत नाही. ती पहिल्या लांब उतारावर होते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

दुसरी वाट वॉशिंग सेंटरची. पावसाळ्यात चिखलाने भरलेली सायकल मोटरसायकलसोबत धुवायला दिली जाते. तिथला मुलगा चांगल्या भावनेने शेवटी डिझेल किंवा चकाकीचा स्प्रे मारून देतो. कृपया सायकल तिथे देऊ नका. बादलीभर पाणी, भांडी घासायचा साबण आणि मऊ ब्रश एवढं पुरतं. चेनला तेल थेंबाथेंबाने द्या, पाच मिनिटांनी फडक्याने पुसा आणि ते फडकं डिस्कला लावू नका.

करकर मुळात का येते? दव किंवा पावसाने डिस्क ओली असेल तर येते आणि चार-पाच वेळा ब्रेक दाबल्यावर जाते. कॅलिपर (पॅड ज्यात बसतात तो भाग) जरा सरकलेला असेल, बोल्ट ढिला असेल किंवा पॅड तापून गुळगुळीत झाले असतील, तरीही येते. यातलं बहुतेक काम आमच्याकडे थोड्या वेळात होतं. स्प्रे मारला की त्याच कामाला अर्धा दिवस जातो.

इथे आमच्यावर एक आक्षेप असतो : "नुसता आवाज होता, तुम्ही नवे पॅड गळ्यात मारले." पॉलिश पेपरने पॅड घासून द्या, गॅसवर तापवून द्या, असाही आग्रह होतो. घासल्याने वरचा थर जातो, आतलं तेल पुढच्या उतारावर गरम होऊन पुन्हा वर येतं. घाटात जाणाऱ्या सायकलवर असे पॅड आम्ही बसवत नाही, ग्राहक नाराज झाला तरी. डिस्क मात्र वाचते. ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ करतो आणि जाडी मोजतो. बऱ्याच डिस्क नव्या असताना १.८ मिलिमीटर असतात आणि १.५ ला बदलायच्या असतात. काढलेले जुने पॅड तुमच्या हातात देतो, स्वतः पाहून घ्या.

नवे पॅड लगेच पूर्ण पकड देत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेग घेऊन, चाक जाम न करता, जवळपास थांबेपर्यंत ब्रेक दाबायचा आणि सोडायचा, असं पंधरा-वीस वेळा केल्यावर पॅड आणि डिस्क एकमेकांशी जुळतात. हे काम आम्ही स्वतः चालवून करतो, बिलात ते धरलेलं असतं. म्हणूनच रविवारच्या राइडसाठी शनिवारी संध्याकाळी सायकल आणू नका, बुधवारपर्यंत आणा. लेहला विमानाने न्यायची असेल तर दहा दिवस आधी.

पॅड कोणते घ्यायचे? रेझिनचे शांत असतात आणि रोजच्या फिरण्याला उत्तम. लांब उतारासाठी आम्ही मेटलचे सुचवतो. थोडा आवाज करतात, पण उष्णता आणि चिखल जास्त सोसतात. स्वस्त सायकलींच्या काही डिस्कवर फक्त रेझिन वापरा असं कोरलेलं असतं, त्यांना मेटल पॅड लावता येत नाहीत. घेण्याआधी डिस्क आम्हाला दाखवा.

सरावासाठी सप्तशृंगी गड चांगला. नांदुरीपासून वर सुमारे दहा किलोमीटरचा वळणावळणाचा घाट आहे. चैत्रोत्सव आणि नवरात्र टाळा, रस्ता भाविकांचा असतो. कसारा घाटात ट्रकची वर्दळ फार, सरावासाठी तो आम्ही सुचवत नाही. उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नका. वळणाआधी दोन्ही ब्रेक ठामपणे दाबा, वेग उतरला की सोडा, पॅडना गार व्हायला वेळ मिळतो. जळका वास आला किंवा लिव्हर हँडलपर्यंत येऊ लागली तर थांबा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होते. खारदुंगलावर बोटं गारठून लिव्हर नीट दाबता येत नाही, तेव्हा पूर्ण बोटांचे हातमोजे हवेतच. ते दुकानात आहेत, घालून पाहूनच घ्या.

सायकल खोक्यात भरताना चाकं निघतात. त्यानंतर चुकून लिव्हर दाबली गेली तर पॅड आतून चिकटतात आणि लेहच्या हॉटेलात चाक बसत नाही. पॅडच्या मध्ये ठेवायचा प्लास्टिकचा तुकडा आमच्याकडून मागून घ्या, मोफत देतो. चेनच्या तेलाची बाटली त्याच खोक्यात ठेवू नका. खोकं आणि पॅकिंग आम्ही करून देतो, पण सीझनमध्ये खोकी लवकर संपतात, म्हणून तिकीट काढलंत की लगेच सांगून ठेवा.