एक प्यादं जास्त आहे, आता काय? पोझिशनल बुद्धिबळामागची गोष्ट

2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात आपल्या हडफडेला बुद्धिबळाचा वर्ल्ड कप झाला, 206 खेळाडू, जवळजवळ महिनाभर, आणि तेव्हापासून गोव्यात ज्याच्या घरी आठ-दहा वर्षांचं पोर आहे त्याने एक तरी बोर्ड विकत आणलाय. चांगली गोष्ट आहे. पण क्लासच्या बाहेर चपला काढायच्या जागी उभे राहून पालक एकमेकांना विचारतात तो प्रश्न ठरलेला असतो: सर सारखं 'पोझिशनल खेळ, पोझिशनल खेळ' म्हणतात ते नेमकं काय, आणि त्यात एवढा वेळ का लागतो?

माझा भाचा याच प्रश्नात अडकला. तालुक्याच्या एका स्पर्धेत त्याच्याकडे हत्तीचा एंडगेम (डावाचा शेवटचा टप्पा, मोहरे थोडेच उरलेले) आला, दोघांकडे एकेक हत्ती, याच्याकडे एक प्यादं जास्त. साहेबांनी काय केलं, ते प्यादं घेतलं आणि सुटले वजीर करायला, राजा मागे घरात बसलेला, समोरच्या पोरीने बाजूने हत्ती लावून शह देत देत प्यादं खाल्लं, मग ड्रॉ होत होता तो याला पटला नाही, ओढाताण केली आणि हरला. कोच एवढंच म्हणाले, "तुला घाई कसली होती रे?" फोंड्याहून परत येताना गाडीत पूर्णवेळ याचं एकच, "मामा, पण इंजिन दाखवतंय मी जिंकत होतो." (इंजिन म्हणजे डाव तपासणारा कॉम्प्युटर.) मी म्हटलं, इंजिन जिंकत होतं बाबा, तू नाही. मग मीच जरा खोदायला बसलो की हे सावकाश खेळायचं खूळ सुरू कुठून झालं, कारण जुन्या काळी असं कोणी खेळत नव्हतं.

सुरुवात योगायोगाने आपल्या पोर्तुगीजांपासूनच होते. अल्बुकर्कने गोवा घेतला 1510 मध्ये, आणि दोनच वर्षांनी, 1512 मध्ये, पेद्रु दामियानु नावाच्या एका पोर्तुगीज औषधवाल्याचं बुद्धिबळावरचं पुस्तक रोममध्ये छापलं गेलं. वजिराला लांबवर धावायची ताकद तेव्हा नुकतीच मिळाली होती, त्याआधी तो बिचारा तिरकं एकच घर जायचा. आता असला वजीर हातात आल्यावर धीर कोणाला राहणार, पुढची तीनेकशे वर्षं युरोप नुसता राजावर धावून जात होता. (दामियानुची गंमत म्हणजे त्याने जी बचावाची चाल वाईट म्हणून दाखवली तिलाच पुढे त्याचं नाव चिकटलं. नशीब एकेकाचं.)

मधे एकच माणूस वेगळं बोलला, फ्रान्सचा फिलिडोर, धंद्याने संगीतकार. 1749 मध्ये त्याने लिहिलं की प्यादी हा या खेळाचा आत्मा आहे, ती कशी उभी आहेत यावर सगळं ठरतं. लोकांनी वाचलं, वा वा केलं आणि परत धावून जायला लागले. 1851 मध्ये लंडनला अँडरसनने किझेरिट्स्कीविरुद्ध दोन्ही हत्ती, एक उंट आणि वर वजीरसुद्धा देऊन मात केली, त्या गेमला आजही 'अमर' म्हणतात. आणि समोरच्याने बळी दिला तर तो घ्यायचाच, नाही घेतला तर तुम्ही भित्रे, अशी एकंदर हवा होती.

ही हवा बदलली विल्हेल्म स्टाइनिट्झने. जन्म 1836, प्राग. मजा अशी की हा स्वतः तरुणपणी असाच मारधाड खेळायचा, 1866 मध्ये त्याने अँडरसनला 8-6 असं हरवलं ते त्याच पद्धतीने. आणि मग 1873 च्या व्हिएन्नाच्या स्पर्धेपासून हा माणूस अचानक विचित्र खेळायला लागला. मोहरे मागे नेऊन ठेवायचा, आडबाजूचं एखादं प्यादं घेऊन तासन्‌तास अडचणीच्या जागेत बचाव करत बसायचा, लोक हसायचे. पण हरत नव्हता. त्याचं म्हणणं साधारण असं होतं: समोरच्याने चूक केलेली नसेल तर हल्ला यशस्वी होऊच शकत नाही, मग उगाच हल्ला कशाला? आधी बारीकसारीक फायदे गोळा करा. दोन उंट, मोकळी पट्टी (जिच्यावर प्यादी नाहीत अशी उभी रांग), समोरच्याचं एकटं पडलेलं प्यादं, ज्या घराला कुठलंच प्यादं राखू शकत नाही असं घर (त्याला तो 'होल' म्हणायचा, आपले कोच आजही तोच शब्द वापरतात). एकेक फायदा जिंकायला पुरत नाही, पण साठत साठत गेले की समोरच्याचा डाव आपोआप मोडतो.

1886 मध्ये झुकरटॉर्टला 10 विजय, 5 पराभव आणि 5 ड्रॉ असं हरवून तो पहिला अधिकृत जगज्जेता झाला, आणि त्या लढतीत आधी तो 1-4 असा मागे होता हे पोरांना मुद्दाम सांगण्यासारखं आहे. एक गैरसमज मात्र इथेच काढून टाकतो. स्टाइनिट्झ म्हणजे नुसतं 'थांबा' असं नाही. त्याचा विचार पुढे त्याच्यानंतरच्या जगज्जेत्या लास्करने नीट मांडला, त्यात उलट बाजूही तेवढीच आहे: फायदा हातात आल्यावर तुम्ही हल्ला केलाच पाहिजे, नाही केलात तर तो फायदा विरघळतो. म्हणजे भाच्याची चूक पुढे गेला ही नव्हती, राजाला घरी ठेवून पुढे गेला ही होती.

आता आपल्या बाजूचं. आपल्याकडचे देशी नियम ज्यांनी बघितलेत त्यांना माहीत असेल, प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालायचं, किल्लेकोट (राजा आणि हत्तीची एकत्र चाल, कॅसलिंग) नव्हता, त्याऐवजी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, आणि प्यादं शेवटच्या घरात पोचलं की बहुतेक ठिकाणी त्या घरचं मोहरं व्हायचं. जागोजागी फरक होते पण चाल संथ, हे सगळीकडे. प्याद्याने मात केली तर त्याचा मान मोठा. पेशवाईच्या शेवटी दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी त्रिवेंगडाचार्य शास्त्री होते, त्यांच्या डावांचं पुस्तक 1814 मध्ये मुंबईत इंग्रजीत छापलं गेलं, त्यात बहुतेक सगळे शेवटाकडचे अडचणीचे डावच आहेत. नंतर 1850 च्या आसपास कलकत्त्याला जॉन कॉक्रन नावाचा स्कॉटिश बॅरिस्टर मोहेशचंद्र बॅनर्जींशी खेळायचा. हे बॅनर्जी देशी सवयीने प्यादं एकेक घर सरकवायचे आणि उंट कोपऱ्यातून लांब रोखून बसवायचे. युरोपला ते विचित्र वाटलं. आज जगातला प्रत्येक मोठा खेळाडू जे 'इंडियन डिफेन्स' खेळतो त्यातलं इंडियन नाव या जुन्या खेळावरूनच आलंय. म्हणजे मधला भाग मोकळा सोडून लांबून दाबायची कल्पना आमच्याकडे पुस्तकातून नाही, नियमामुळेच आली होती.

त्याच मातीतला मीर सुलतान खान. पंजाबातला, देशी नियमांवर वाढलेला, 1929 मध्ये लंडनला नेला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश चॅम्पियन झाला, पुढे 1932 आणि 1933 लाही. ओपनिंगची पुस्तकी माहिती जवळपास नाहीच. पण 1930-31 च्या हेस्टिंग्जच्या स्पर्धेत त्याने माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं, तेही कुठल्या धमाक्याने नाही, साठाहून जास्त चाली शांतपणे आवळत नेऊन. ग्रँडमास्टर हा मान त्याला मिळाला 2024 मध्ये, मरणोत्तर.

आणि कापाब्लांका म्हणजे कोण? छोट्या फायद्याचं पैशात रूपांतर करण्याच्या बाबतीत त्याच्याइतका साफ हात कोणाचाच नाही असं माझं मत आहे, पटत नसेल तर न्यूयॉर्क 1924 चा त्याचा तार्ताकोवरविरुद्धचा गेम बोर्डवर मांडून बघा. मी भाच्याला तोच लावून दाखवला. हत्तीचा एंडगेम. पांढऱ्याचा हत्ती सातव्या ओळीवर जाऊन बसलाय, काळा राजा शेवटच्या ओळीत कोंडलेला, पांढऱ्याचं एक प्यादं पुढे गेलेलं. पण काळा हत्तीही मोकाट आहे, पांढऱ्याची प्यादी खायला टपलेला. आपण काय करू? प्यादी राखू. कापाब्लांकाने 35 व्या चालीला राजा पुढे टाकला. काळ्याने शहासकट एक प्यादं खाल्लं. राजा आणखी पुढे. दुसरं प्यादंही गेलं, परत शहासकट. राजा चाललाच आहे. शेवटी तो काळ्याच्या प्याद्याच्या अगदी पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि ते प्यादं खाल्लंच नाही! कारण त्या प्याद्याच्या आडोशाने काळ्या हत्तीचे उभे शह बंद झाले. शत्रूचीच छत्री डोक्यावर. आता राजा, हत्ती आणि पुढचं प्यादं तिघे मिळून काळ्या राजावर, आणि दिलेली प्यादी एकेक करून व्याजासकट परत. भाचा बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला, "म्हणजे माझा राजा झोपलेला." हो बाबा.

पुढचं थोडक्यात. टाराश आणि निम्झोविच या दोन मोठ्या खेळाडूंची खेळ कसा खेळावा यावरून भांडणं, निम्झोविचचं 1925 चं पुस्तक, त्यातली आधी समोरच्याच्या योजना बंद करायची कल्पना, आणि मग पेत्रोस्यान, जो 1963 मध्ये जगज्जेता झाला तो याच कलेवर. आपल्या खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातली) मानस, म्हणजे बांधातलं पाण्याचं दार, कशी, भरती आली की दार आपोआप मिटतं आणि ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, तसा त्याचा खेळ. याच काळात सोव्हिएत कोचेसनी एक गोष्ट पोरांच्या डोक्यात पक्की भरली: एक कमजोरी समोरचा सांभाळू शकतो, दोन लांब लांबच्या कमजोऱ्या त्याला नाही सांभाळता येत. म्हणून एका बाजूला दाबायचं, मोहरे तिकडे अडकले की दुसरीकडे वळायचं.

याचा नमुना म्हणजे पुढे जगज्जेता झालेल्या कार्पोवचा 1974 चा, नीस ऑलिंपियाडमधला उन्झिकरविरुद्धचा गेम. वजिराच्या बाजूची कडेची पट्टी मोकळी, दोघांचे हत्ती त्यावर डोळा ठेवून. सगळे म्हणणार हत्ती बदलून मोकळे व्हा. कार्पोवने 24 व्या चालीला आपला उंट उचलून थेट त्याच पट्टीवर, समोरच्याच्या घरात नेऊन ठेवला, बाटलीला बूच लावावं तसा. आता त्याच्या मागे हा आरामात हत्ती जमवणार आणि बूच कधी काढायचं ते हाच ठरवणार. उन्झिकर सगळे मोहरे घेऊन तिकडे राखण करत बसला आणि कार्पोव जिंकला तो दुसऱ्या बाजूने, राजाच्या बाजूने.

एक गोष्ट लोक विसरतात, घड्याळ. पूर्वी ठराविक चालींनंतर गेम तहकूब व्हायचा, पुढची चाल पाकिटात बंद, आणि रात्रभर मदतनीसांसकट विश्लेषण. म्हणजे एंडगेमचा धीर बराचसा हॉटेलच्या खोलीतला धीर होता. कॉम्प्युटर आल्यावर 1990 च्या दशकात ते बंद झालं. त्याच सुमाराला प्रत्येक चालीमागे काही सेकंद वाढवून देणारं घड्याळ आलं, 1992 च्या फिशर-स्पास्की लढतीत ते वापरलं गेलं. त्यामुळे थकलेल्या माणसाला बोर्डवर बसवून ठेवून आणखी थकवणं शक्य झालं, आणि ते मॅग्नस कार्लसनइतकं कोणी वापरलं नाही. 2013, चेन्नई, आनंदविरुद्धचे पाचवा आणि सहावा गेम, दोन्ही हत्तीचे एंडगेम, एक 58 चालींचा आणि दुसरा 67 चालींचा, टीव्हीवर तज्ज्ञ ड्रॉ होणार असं सांगतायत आणि हा आपला छोट्या छोट्या अडचणी देतोच आहे. तो आठवडा मी अजून विसरलेलो नाही, आनंदसाठी जेवण गोड लागत नव्हतं. 2021 मध्ये दुबईला नेपोम्नियाचीविरुद्धचा सहावा गेम तर 136 चाली, पावणेआठ तास, जगज्जेतेपदाच्या लढतींतला सगळ्यात लांब. शेवटी कार्लसनकडे हत्ती, घोडा आणि दोन प्यादी, समोर एकटा वजीर, आणि वजीरवाला हरला.

हे सगळं वाचून कोणीतरी म्हणणारच की गोंयकार सुशेगाद (निवांत), त्यामुळे आपल्याला हा खेळ जमेल. कृपया नको. अनुराग म्हामल गोव्याचा पहिला ग्रँडमास्टर झाला, लिऑन मेंडोन्सा चौदाव्या वर्षी झाला, भक्ती कुलकर्णीने अर्जुन पुरस्कार आणला, यातलं कोणीही सुशेगाद बसून तिथे पोचलेलं नाही. गोव्यात 2002 मध्ये ज्युनियर वर्ल्ड चॅम्पियनशिप झाली ती अरोनियनने जिंकली होती, तोच अरोनियन 23 वर्षांनी वर्ल्ड कपला परत इथेच आला आणि अर्जुन एरिगैसीकडून हरला. कप नेला उझबेकिस्तानच्या 19 वर्षांच्या सिंदारोवने, फायनलचे क्लासिकल (लांब वेळेचे) गेम ड्रॉ करून, टायब्रेकमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या गेममध्ये.

भाच्याचं सांगायचं तर गेल्या रविवारी परत हत्तीचा एंडगेम आला, या वेळी म्हापशाला. मी काचेच्या बाहेर. एक प्यादं जास्त, तेच दृश्य. पोराने प्याद्याला हात लावला, काढला, आणि राजा एक घर पुढे सरकवला. मग आणखी एक. समोरच्याचे आई-वडील चुळबुळ करायला लागले, हॉलमध्ये बाकीची सगळी बोर्डं रिकामी झाली होती, अर्बिटर (पंच) खुर्ची ओढून शेजारी येऊन बसला. एकूण किती चाली झाल्या ते मला मोजता आलं नाही, पण स्कोअरशीटची मागची बाजूही भरली होती आणि मधे एका ठिकाणी त्याने चालीच्या जागी चुकून स्वतःचं नाव लिहिलं होतं.