फिल्म ग्रेन : संपीडित व्हिडिओतील जतन

फिल्मवरील प्रतिमेत दिसणारा आणि चौकटीगणिक (फ्रेमगणिक) बदलणारा बारीक खरखरीतपणा म्हणजे ग्रेन. कृष्णधवल फिल्मवर तो चांदीच्या कणांमुळे येतो. रंगीत फिल्मवर प्रक्रियेत चांदी काढून टाकली जाते व तिच्या जागी रंगद्रव्याचे ढग उरतात. सुटा कण डोळ्याला दिसत नाही, दिसते ती कणांची अनियमित दाटी. अधिक संवेदनशील फिल्मचे कण मोठे असतात, म्हणून मंद उजेडातले चित्रण जास्त कणदार.

व्हिडिओ कोडेक, म्हणजे व्हिडिओ संपीडित करणारी व पुन्हा उलगडणारी प्रणाली, मागच्या चौकटीवरून पुढचीचा अंदाज बांधून जागा वाचवतो. ग्रेनचा असा अंदाज बांधता येत नाही आणि बिट्स त्यातच खर्ची पडतात. बिटरेट (दर सेकंदाला मिळणारे बिट्स) तोकडा असला की ग्रेन पुसला जातो, चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात.

यावरील उपाय असा : एन्कोडिंगपूर्वी (संपीडनापूर्वी) ग्रेन गाळायचा, त्याचे वर्णन आकड्यांत पाठवायचे आणि डीकोडरने (व्हिडिओ उलगडणाऱ्या भागाने) तशाच धाटणीचा ग्रेन तयार करून चित्रात मिसळायचा. याचे श्रेय बहुधा एव्ही१ या कोडेकला (२०१८) दिले जाते. तथापि एच.२६४ या आधीच्या कोडेक मानकाच्या पूरक माहिती-संदेशांत (चित्रासोबत पाठवल्या जाणाऱ्या जादा सूचनांत) अशी तरतूद साधारणपणे २००३–०५ च्या दरम्यान, थॉमसन कंपनीच्या प्रस्तावातून आली. आद्यत्व तिकडे देणे अधिक सयुक्तिक वाटते. तेथे तिचे पालन डीकोडरच्या मर्जीवर होते, एव्ही१मध्ये ती मानकाचाच भाग आहे. एव्ही१ शेजारच्या बिंदूंवरून (पिक्सेलवरून) पुढचा बिंदू ठरवणाऱ्या प्रारूपाने ग्रेनचा एक नमुना बनवतो, त्यातून ३२×३२ बिंदूंचे ठोकळे यादृच्छिकपणे उचलून चित्रभर पसरवतो. उजेड-अंधारानुसार ग्रेनची तीव्रता किती, हे स्वतंत्रपणे पाठवले जाते.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर अजिंठ्याचे फिल्मवरील चित्रण हा कसोटीचा विषय आहे. लेण्यांत उजेड मंद, म्हणून ग्रेन ठळक; आणि भिंतीवर भुसा मिसळलेल्या मातीच्या गिलाव्याचा, पोपडे उडालेल्या रंगाचा तितकाच बारीक पोत. एकेक चौकट सुटी पाहणारा गाळक दोन्हींत भेद करू शकत नाही. पहिल्या लेण्यातील पद्मपाणीवरच्या बारीक चिरा तो ग्रेनसोबत पुसून टाकतो. कॅमेरा स्थिर असताना चीर जागेवर राहते, ग्रेन मात्र बदलतो. त्यामुळे लागोपाठच्या चौकटी ताडून पाहणारा गाळकच येथे वापरावा. कॅमेरा भिंतीवरून सरकत असेल तर गतीचा अंदाज चुकून चीर पुसट होण्याचा धोका त्यातही राहतो.

जत्रांतील टुरिंग टॉकीजमध्ये फिरलेल्या प्रती निगेटिव्हपासून काही पिढ्या दूर असल्याने त्यांत ग्रेन साचत गेलेला असतो. ओरखडे व धूळ मात्र ग्रेनमध्ये मोडत नाहीत.

डीकोडरने घडवलेला ग्रेन मूळ ग्रेन नव्हे. म्हणून संग्रहातील मूळ स्कॅन न गाळताच ठेवावे, गाळणी फक्त वितरणाच्या प्रतीला लावावी. व्हीव्हीसी या आणखी नव्या कोडेकसाठीची ग्रेनविषयक तरतूद एच.२७४ मानकात (२०२०) आहे.