‘ब्लेअर विच’मधली हरवलेली बहीण: थोडी पार्श्वभूमी

२०१६ चा ‘ब्लेअर विच’ हा भयपट म्हणजे भाऊ बहिणीला शोधायला जंगलात जातो, एवढीच गोष्ट. पण ती बहीण हरवली कशी हे समजायला १९९९ च्या पहिल्या भागात, ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’मध्ये जावं लागतं: ती आणि दोन सोबती चेटकिणीवर माहितीपट बनवायला जंगलात जातात आणि गायब होतात, आणि सिनेमा म्हणजे त्यांचंच मागे सापडलेलं चित्रण, असा त्याचा आव. त्यातलं अर्धंअधिक पडद्याबाहेर घडलंय. पहिला भाग सगळ्यांनी बघितलाय असं धरून चालतो, त्यामुळे तंबू, काटक्यांच्या बाहुल्या, कोपऱ्यात तोंड करून उभा असलेला सोबती, हे परत सांगत बसत नाही.

ब्लेअर विचच्या दंतकथेबद्दल दोनच ओळी. १७८५ ची चेटकीण, मग १९४० च्या दशकातले मुलांचे खून, सगळं सिनेमावाल्यांनी बसून रचलेलं. मेरीलँडमधलं बर्किट्सव्हिल गाव मात्र खरं आहे, आणि सिनेमा लागल्यावर तिथे एवढी झुंबड उडाली की गावाच्या नावाच्या पाट्यासुद्धा लोकांनी पळवल्या.

पहिल्या भागाचं शूटिंग ऑक्टोबर १९९७ मध्ये, जेमतेम ८ दिवस. कॅमेरे नटांच्याच हातात, लिहिलेले संवाद जवळपास नाहीत, रोज चिठ्ठ्यांमधून फक्त आपापल्यापुरत्या सूचना, आणि खायला दिवसेंदिवस कमी. नटांचा वैताग खरा दिसतो कारण बराचसा खराच होता. सुमारे २० तासांच्या फुटेजमधून दीड तासाच्या आतला सिनेमा काढला, त्याबद्दल एडिटिंगला दाद द्यायलाच हवी.

आता ज्यावरून अजून वाद होतात ते. तिघाही नटांनी पडद्यावर स्वतःचीच खरी नावं वापरली. त्यावर प्रचाराने कळस केला: १९९८ मध्ये वेबसाइट, तिच्यावर पोलीस तपासाच्या थाटातली माहिती, जानेवारी १९९९ च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ‘हरवले आहेत’ची पोस्टरं, आणि इंटरनेटवरच्या सिनेमांच्या यादीत या तिघांच्या नावापुढे चक्क बेपत्ता, बहुधा मृत असं. नटांना प्रसिद्धीपासून लांब ठेवलं, मेलेली माणसं मुलाखती देत फिरली तर खेळ खलास ना. हे सगळं ‘जीनियस मार्केटिंग’ म्हणून शिकवतात वगैरे, आणि मान्य आहे, इंटरनेट नवीन होतं, लोकांनी विश्वास ठेवला, सुरुवातीला जेमतेम ६० हजार डॉलरमध्ये उभा राहिलेला सिनेमा जगभरात जवळपास २५ कोटी डॉलर कमावून गेला. पण त्याच काळात बहिणीचं काम केलेल्या नटीच्या खऱ्या आईला सांत्वनाची कार्डं येत होती! मुलगी धडधाकट जिवंत, आणि लोक आईचं दुःख हलकं करतायत. बाजू घेणारे म्हणतात की खरी नावं नसती तर भीती बसलीच नसती. असेलही. पण नाव नटांचं, चेहरा नटांचा, आणि पैसा मात्र भलतीकडेच गेला, हे मला तरी पचत नाही. बरं, धोका माहीत नव्हता असंही नाही, १९८० च्या एका इटालियन सिनेमात नटांना असंच गायब ठेवलं होतं तेव्हा दिग्दर्शकावर खुनाचा आळ आला आणि नट जिवंत आहेत हे त्याला दाखवून द्यावं लागलं.

२००० चा दुसरा भाग घाईत काढलेला, त्यात पहिल्या सिनेमाचे फॅनच जंगलात जातात. २०१६ वाल्यांनी तो झाला नाही असंच धरलं आणि गाडी परत बहिणीवर आणली. ती १९९४ मध्ये गेली, भाऊ तेव्हा ४ वर्षांचा, वीस वर्षांनी त्याला एका व्हिडिओत ओझरती बाई दिसते आणि ती तीच असेल म्हणून तो मित्रमैत्रिणींना घेऊन निघतो. या वेळी कानाला लावायचे कॅमेरे, ड्रोन, सगळा सरंजाम, तरी वाट चुकतातच. लपवाछपवीची जुनी खोड इथेही होतीच: ‘द वुड्स’ या खोट्या नावाने प्रचार केला आणि जुलै २०१६ मध्ये सॅन दिएगोच्या कॉमिक-कॉन या चाहत्यांच्या मेळ्याच्या वेळी खरं नाव फोडलं, लोक आत सिनेमा बघत होते तोवर बाहेर पोस्टरं बदललेली. या गंमतीने कुणाचं नुकसान झालं नाही, फायदाही फार झाला नाही. ५० लाख डॉलरच्या सिनेमाने साडेचार कोटींच्या आसपास कमावले, म्हणजे तोटा नाही, पण थिएटरमधून बाहेर पडणाऱ्यांनी दिलेली ग्रेड डी प्लस, म्हणजे जवळपास नापास. मला विचाराल तर शेवटचा अर्धा तास, रात्र संपतच नाही तो भाग, चांगला जमलाय, पण बहीण ही नुसती निमित्त उरते.

२०२४ मध्ये आणखी एका नव्या सिनेमाची घोषणा झाली तेव्हा मूळ तिघांनी जाहीर पत्र काढलं. मागण्या साध्या होत्या: कमाईतला रीतसर वाटा, आणि पुढे जिथे त्यांची नावं किंवा चेहरे वापरले जातील तिथे आधी विचारा.