ताडोबाला निघण्यापूर्वी : भाड्याने नेलेल्या मिररलेस कॅमेऱ्याची मांडणी आणि हाताळणी

आमच्याकडून मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि टेलिलेन्स (दूरचे जवळ दाखवणारी लेन्स) भाड्याने नेणाऱ्या ग्राहकांसाठी हे पत्रक आहे. आपल्यापैकी बरेच जण संध्याकाळी नागपुरात उतरतात, दुकानातून सामान ताब्यात घेतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे मोहर्लीच्या किंवा कोलाऱ्याच्या गेटवर रांगेत असतात. म्हणजे अनोळखी कॅमेरा हाती आल्यापासून वाघ समोर येण्यापर्यंत फार तर एक रात्र मिळते. ती रात्र कशी वापरावी, हे पुढे सांगितले आहे. हे पत्रक आम्ही मुद्दाम कागदावर छापून देतो, कारण ताडोबाच्या गाभा क्षेत्रात मोबाइल नेण्यास मनाई आहे आणि तिथे काही अडले तर इंटरनेटवर शोधण्याची किंवा आम्हाला विचारण्याची सोय नसते.

आमचा आग्रह एकच आहे: जंगलात मेनू उघडण्याची वेळ येऊ नये. झाडीतून निघालेला वाघ रस्ता ओलांडून पलीकडच्या बांबूत शिरायला पुष्कळदा पंधरा-वीस सेकंदही घेत नाही, आणि तेवढ्या वेळात मेनूची पाने उलटत बसलेल्या माणसाच्या कार्डावर शेवटी फक्त शेपूट येते. जे ठरवायचे ते आदल्या रात्री खोलीत ठरवावे आणि जिप्सीत बसताना उजव्या हाताकडे दोनच कामे ठेवावीत, एक फोकसचे आणि दुसरे उजेड कमी-जास्त करण्याचे.

मुक्कामावर पोचल्यावर

कार्ड संगणकात नव्हे तर कॅमेऱ्यातच फॉरमॅट करावे, घड्याळ जुळवावे आणि फोटो रॉ स्वरूपात (सेन्सरने टिपलेली माहिती जशीच्या तशी राखून) ठेवावेत. फोकस लागल्याचा आवाज बंद करावा आणि फोकसला मदत करणारा छोटा दिवाही बंद करावा.

यापेक्षा महत्त्वाची, पण हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे काढलेला फोटो लगेच दाखवण्याची सोय बंद करणे. आरसा असलेल्या जुन्या कॅमेऱ्यात नुकताच काढलेला फोटो मागच्या पडद्यावर दिसत असे आणि व्ह्यूफाइंडरमधून समोरचे दृश्य दिसतच राही. मिररलेस कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये मुळात एक छोटा पडदाच असतो, त्यामुळे ही सोय चालू असेल तर प्रत्येक फोटोनंतर दोन सेकंद आपल्या डोळ्यासमोर जुना वाघ उभा राहतो आणि खरा वाघ तोवर पुढे निघून गेलेला असतो.

बॅटरीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. या कॅमेऱ्यांत सेन्सर आणि व्ह्यूफाइंडर सतत चालू राहत असल्याने फोटो काढला नाही तरी बॅटरी उतरत असते. आम्ही प्रत्येक कॅमेऱ्याबरोबर दोन बॅटऱ्या देतो, त्या दोन्ही रात्री चार्ज कराव्यात. कॅमेरा एका मिनिटाने झोपी जाईल असे आम्ही आधीच ठरवून दिलेले असते, परंतु जागे व्हायला त्याला क्षणभर लागतो. म्हणून चितळाचा किंवा वानराचा कॉल (धोक्याचा इशारा देणारा आवाज) कानावर पडताच, वाघ दिसण्याची वाट न पाहता, शटरचे बटण अर्धे दाबून कॅमेरा जागा करावा.

शटर आणि आयएसओ

मॅन्युअल मोड आणि ऑटो आयएसओ (आयएसओ म्हणजे उजेडाला कॅमेरा किती प्रतिसाद देतो ते) ही जोडी आम्ही लावून देतो. यात शटरचा वेग आणि अ‍ॅपर्चर (लेन्समधील उजेड आत सोडणारे छिद्र) आपल्या ताब्यात राहतात आणि उजेडानुसार बदलण्याचे काम आयएसओवर सोपवले जाते. अ‍ॅपर्चर लेन्सचे असेल तेवढे पूर्ण उघडे ठेवावे. बसलेल्या किंवा संथ चालणाऱ्या जनावरासाठी शटर १/५०० (सेकंदाचा पाचशेवा भाग) पुरेसे आहे, धावणाऱ्यासाठी १/२००० आणि उडणाऱ्या पक्ष्यासाठी १/२५०० किंवा त्याहून जलद हवे. १/५०० वरून १/२००० वर जाताना उजेड चौपटीने घटतो, म्हणजे जिथे आयएसओ ८०० पुरत होता तिथे ३२०० लागतो. सकाळची फेरी नुकते उजाडत असताना सुरू होते, तेव्हा आयएसओची वरची मर्यादा १२८०० ठेवण्यास कचरू नये. फोटोतले दाणे संगणकावर बरेच कमी करता येतात, पण हललेला वाघ कोणत्याही संगणकाला थांबवता येत नाही. लेन्समधील स्थिरीकरण आपल्या हाताची थरथर तेवढी सांभाळते, जनावराची हालचाल नव्हे.

१.४ पटीचा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची पोच वाढवणारी जोड) आग्रहाने मागणाऱ्यांनाही हेच गणित लागू पडते. तो जोडला की एफ/६.३ ची लेन्स एफ/९ ची (आकडा मोठा तितके छिद्र लहान) होते, म्हणजे निम्मा उजेड जातो. कॅननच्या १००-५०० लेन्सवर तर तो ३०० ते ५०० मिलिमीटर एवढ्याच टप्प्यात वापरता येतो, मागे घेता येत नाही. उजनीच्या पाण्यावर, भिगवणला, दूरचे रोहित टिपायला तो उपयोगी पडेल. ताडोब्याच्या रस्त्यावर वाघ कित्येकदा इतका जवळ येतो की ६०० मिलिमीटरमध्ये त्याचे कान कापले जातात, म्हणून येथे आम्ही टेलिकन्व्हर्टर देण्याचे टाळतो.

फोकस

फोकस सलग मागोवा घेणारा ठेवावा आणि ओळखायचा विषय ‘प्राणी’ निवडावा. काही कॅमेऱ्यांत प्राणी आणि पक्षी यांचे पर्याय वेगळे असतात, तेथे फेरीच्या अपेक्षेनुसार निवड करावी. ‘माणूस’ हा पर्याय चुकून राहिला, तर पुढच्या जिप्सीतील पर्यटकांचे चेहरे अतिशय स्पष्ट येतील, याची खात्री बाळगावी.

डोळा ओळखणारा फोकस उघड्यावरच्या जनावरावर उत्तम चालतो. तो फसतो ते गवतात आणि बांबूत. वाघ काड्यांच्या मागे असला की कॅमेरा अनेकदा पुढची काडी पकडतो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये मागे केवळ केशरी धूर उरतो. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिल्याने काही साधत नाही, कारण कॅमेऱ्याच्या दृष्टीने काडीही तितकीच खरी वस्तू आहे. यावर उपाय म्हणून आमच्या प्रत्येक कॅमेऱ्यावर दोन बटणांना दोन कामे वाटून दिलेली आहेत: शटरचे बटण अर्धे दाबल्यास संपूर्ण चौकटीत प्राणी शोधला जातो आणि मागचे, अंगठ्याखालचे बटण दाबल्यास मधला एकच लहान बिंदू काम करतो. काड्यांमधल्या फटीतून दिसणाऱ्या डोळ्यावर किंवा गालावर तो बिंदू ठेवून अंगठा दाबावा. तेवढ्यानेही जमले नाही तर लेन्सवरची फोकसची रिंग हाताने किंचित फिरवून वाघ जवळपास स्पष्ट करावा आणि मग अंगठा दाबावा. बहुतेक वेळा कॅमेरा तिथून पुढचे स्वतः सांभाळतो.

फोकस शटरपासून पूर्णपणे सोडवून अंगठ्यावर नेण्याची पद्धत अनुभवी छायाचित्रकार वापरतात आणि ती चांगली आहे, पण बोटांची सवय एका रात्रीत बदलत नाही. ज्यांनी ती पूर्वी कधी वापरलेली नाही त्यांनी ताडोब्यात तिचा पहिला प्रयोग करू नये.

सोनीच्या २००-६०० लेन्सवर फोकसचा पल्ला मर्यादित करणारी कळ आहे. ती १० मीटर ते अनंत अशी ठेवली की लेन्स जवळच्या गवतात किंवा जिप्सीच्या दांड्यात अडकत नाही. मात्र मग दहा मीटरांच्या आत आलेल्या जनावरावर फोकस लागतच नाही. मागील उन्हाळ्यात एका ग्राहकाची वाघीण थेट जिप्सीच्या बाजूने गेली आणि लेन्स बिघडली असे समजून त्यांनी ती परत आणून दिली. लेन्स ठणठणीत होती, कळ तेवढी सरकलेली होती. वाघ आपल्याकडे चालत येत असेल तर कळ पूर्ण पल्ल्यावर घ्यावी.

या सगळ्याचा सराव खोलीच्या बाहेर रस्त्यावर फिरणाऱ्या कुत्र्यावर करावा. सकाळी गेटवर थांबलेले असताना कावळे आणि साळुंख्याही तयार असतात.

उजेड कमी-जास्त करणे

मिररलेस कॅमेऱ्याचा सर्वांत मोठा फायदा असा की फोटो कसा येणार आहे, हे काढण्यापूर्वीच दिसते. तरीही व्ह्यूफाइंडरच्या चमकीवर पूर्ण भरवसा ठेवू नये, कारण पहाटेच्या अंधारात तोच पडदा डोळ्यांना फार उजळ वाटतो आणि भर दुपारी मंद. कोपऱ्यात हिस्टोग्राम (फोटोतल्या गडद-उजळ भागांचा आलेख, उजवीकडे उजळ) चालू ठेवलेला असतो, त्याचा उजवा काठ भिंतीला धडकत नाही ना, एवढे पाहावे.

कॅमेरा समोरच्या सर्व उजेडाची सरासरी काढतो आणि त्यामुळे ठरावीक ठिकाणी ठरावीक चूक करतो. गडद पाण्यावर उन्हात उभा असलेला बगळा कापसासारखा पांढरा फटक येतो, तेथे उणे दोन तृतीयांश ते उणे एक करावे (उणे म्हणजे कॅमेऱ्याने ठरवल्यापेक्षा कमी उजेड, अधिक म्हणजे जास्त; एक म्हणजे निम्मा किंवा दुप्पट). निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर, फिकट आभाळासमोर बसलेला सर्पगरुड काळी आकृती होऊन येतो, तेथे अधिक एक किंवा थोडे जास्त लागते. गवा चौकट भरून उभा राहिला तर कॅमेरा त्याला राखाडी करून टाकतो, म्हणून उणे करावे. बांबूच्या सावलीत बसलेल्या वाघाच्या गालांचा पांढरा भाग आधी पांढरा फटक होतो, तेथे उणे एक तृतीयांश पुरते. हे सर्व एका चक्राने होते आणि ते चक्र कोणते, हे दुकानातून निघताना प्रत्यक्ष फिरवून पाहिल्याशिवाय कृपया सामान उचलू नये. जागा बदलली की चक्र शून्यावर आणावे; सर्पगरुडासाठी केलेले अधिक एक पुढच्या वाघावर तसेच राहिल्याने वाया गेलेले फोटो आम्ही इतके पाहिले आहेत की हे वाक्य मोठ्या अक्षरांत छापण्याचा मोह झाला होता.

मूक शटर

इलेक्ट्रॉनिक शटरला आवाज नसतो, म्हणून ते जंगलात सोयीचे आहे. पण साध्या सेन्सरमध्ये चित्र एकदम टिपले जात नाही, वरून खाली ओळीओळीने वाचले जाते. शटर १/२००० असले तरी पहिली आणि शेवटची ओळ वाचण्यात सेकंदाचा तिसावा भाग जाऊ शकतो आणि तेवढ्यात खंड्याचा पंख कुठल्या कुठे गेलेला असतो. फोटोत तो वाकडा, मोडल्यासारखा येतो. त्यामुळे चालत्या-बसत्या जनावरांसाठी मूक शटर वापरावे आणि उडत्या पक्ष्यांसाठी यांत्रिक शटरकडे यावे. निकॉनच्या झेड ८ आणि झेड ९ मध्ये यांत्रिक शटर नाहीच, पण त्यांचा सेन्सर फार वेगाने वाचला जात असल्याने तेथे ही अडचण सहसा जाणवत नाही. रात्री रिसॉर्टच्या एलईडी दिव्याखाली चाचणी घेताना फोटोत आडवे पट्टे दिसले, तर तो याच शटरचा गुण आहे, बिघाड नव्हे. सूर्यप्रकाशात पट्टे येत नाहीत.

सेकंदाला ३० फोटोंचा वेग असला तरी तो सर्वत्र वापरू नये. वीस सेकंदांत ६०० फोटो होतात, त्यांतले निम्मे एकसारखे असतात आणि त्याआधीच कॅमेऱ्याची तात्पुरती साठवण भरून तो अडखळू लागतो. दहाचा वेग बहुतेक प्रसंगांना पुरतो.

जिप्सीत

लेन्स टेकवण्यासाठी आम्ही बीनबॅगची रिकामी पिशवी देतो. ती मुक्कामावर पोचल्यावर दीड-दोन किलो तांदळाने भरावी (परतीच्या दिवशी त्याची खिचडी करणारे ग्राहकही आमच्याकडे आहेत). जिप्सी चालू असताना लेन्स दांड्यावर ठेवू नये, मांडीवर घ्यावी आणि पट्टा गळ्यात असावा. सीटवर मोकळी ठेवलेली लेन्स पहिल्याच खड्ड्यात खाली येते. थांबल्यावर चालकाला इंजिन बंद करण्याची विनंती करावी, कारण इंजिनाची थरथर लेन्सपर्यंत पोचते. गाडी आणखी जवळ नेण्याचा आग्रह मात्र धरू नये.

ताडोब्याची उन्हाळ्यातली धूळ पिठासारखी बारीक असते. मिररलेस कॅमेऱ्यात लेन्स काढताच समोर उघडा सेन्सर असतो, त्यामुळे जंगलात लेन्स बदलू नये, ही आमची अटच समजावी. समोरून जिप्सी येत असेल तर कॅमेऱ्यावर उशीचा अभ्रा टाकावा. प्लॅस्टिकपेक्षा तो बरा, कारण आत उष्णता कोंडत नाही. काचेवर धूळ बसल्यास तोंडाने फुंकू नये, सोबत दिलेली रबरी फुंकणी वापरावी आणि कापड त्यानंतरच लावावे.

उन्हाविषयी एक वेगळी सूचना आहे. कॅमेरा मांडीवर उताणा ठेवला आणि मागच्या व्ह्यूफाइंडरमध्ये थेट सूर्य शिरला, तर तिथले भिंग आतल्या पडद्यावर ऊन एकवटते आणि कायमचा डाग पडू शकतो. पुढच्या लेन्समधून शिरलेले ऊनही सेन्सरपर्यंत पोचते. दोन थांब्यांच्या मधे लेन्सचे झाकण लावावे आणि व्ह्यूफाइंडर अंगाकडे वळवून ठेवावा.

मे महिन्यात पाणवठ्याच्या पलीकडच्या काठावरील जनावराचे फोटो दुपारी मऊ, वितळल्यासारखे येतात. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत असल्याने तसे होते, त्याला महागातली लेन्सही काही करू शकत नाही. तिथे थांबून ऊन उतरण्याची वाट पाहावी.

सामान परत करताना

सेन्सरवर ठिपका दिसल्यास स्वतः पुसू नये, आम्हाला सांगावे. साफसफाई आम्हीच करतो. कॅमेऱ्यातील मांडणी बदलली असेल तर ती पूर्ववत करण्याची गरज नाही, पुढच्या ग्राहकाला देण्यापूर्वी आम्ही ती नव्याने लावतो. बीनबॅग रिकामी करून द्यावी. आणि मेमरी कार्ड कॅमेऱ्यातून काढून घेतले आहे ना, हे काउंटरवरच पाहावे. राहून गेलेली कार्डे आम्ही पाकिटात घालून, वर बिलाचा क्रमांक लिहून गल्ल्याशेजारच्या डब्यात ठेवतो.