गाडीला लॅपटॉप लावायच्या आधी
ट्रक, टिपर आणि टँकर मालकांसाठी माहितीपत्रक

मालक, १ एप्रिल २०२० ला बीएस-६ (धुराचे नवे नियम) आलं, तेव्हापासून आमच्या गाळ्यात एक वाक्य रोज ऐकू येतं: “लॅपटॉप लावून जरा पिकअप वाढवून द्या.” पिकअप आम्ही वाढवत नाही, का, ते खाली लिहिलंय. पण त्याच लॅपटॉपनं बदलता येणारी काही सेटिंग अशी आहेत की ती महिन्याच्या डिझेल बिलात दिसतात, आणि त्यांच्याबद्दल सहसा कुणी विचारत नाही.

इंजिनावरची ईसीएम म्हणजे गाडीचा मेंदू. तिच्यात दोन तऱ्हेचे आकडे असतात. डिझेल कधी आणि किती सोडायचं, टर्बो किती दाबायचा, धूर कसा आवरायचा, हे कंपनीनं कुलपात ठेवलेलं असतं. गाडी कोणत्या कामाला लागलीय त्यावर ठरणारे आकडे मात्र कंपनीच मालकासाठी उघडे ठेवते. आम्ही हात लावतो तो एवढ्याच खणाला. कोणत्या मॉडेलला काय उघडं आहे ते केबल लावल्यावर कळतं. कमिन्स इंजिनाला इनसाइट लागतं, बाकी कंपन्यांची आपापली सॉफ्टवेअर आहेत. बाजारातला सगळ्या गाड्यांना चालणारा स्वस्त स्कॅनर बिघाडाचे कोड वाचायला ठीक; सेटिंग लिहायला त्याच्या भरवशावर राहू नका.

उभ्या गाडीचं डिझेल

मोठं डिझेल इंजिन नुसतं चालू ठेवलं तरी ताशी साधारण दीड ते तीन लिटर खातं. क्रशरवर नंबर लागेपर्यंत दिवसाला दोन तास गाडी घुरघुरत राहिली, तर ताशी दोन लिटर धरून पंचवीस दिवसांत शंभर लिटर गेले. ठरावीक मिनिटं उभी राहिली की इंजिन आपोआप बंद होईल, असं सेटिंग करता येतं. ड्रायव्हर आधी कुरकुरतो, कारण एसी बंद पडतो. तेव्हा मिनिटं त्याच्याशी बोलूनच ठरवा.

टिपरच्या मालकांनी पीटीओचे (इंजिनाच्या ताकदीवर हायड्रॉलिक पंप चालवणाऱ्या जोडणीचे) आरपीएमही एकदा बघून घ्यावेत. बॉडी उचलताना ड्रायव्हर पायानं वाटेल तेवढी रेस देतो आणि हायड्रॉलिक पंप तापतो. पंपाला लागतील तेवढेच आरपीएम बांधून दिले की पायाचा प्रश्न मिटतो.

टायर आणि ॲव्हरेजचं भांडण

एक मालक ड्रायव्हरला धरूनच आमच्याकडे आले होते. म्हणाले, नवे टायर टाकल्यापासून ॲव्हरेज लिटरला चार किलोमीटरवरून ३.९ वर आलं, हा डिझेल विकतोय. आम्ही आधी हिशेब मांडला. २९५/८० आर २२.५ या नव्या टायरचा व्यास साधारण १,०४४ मिलिमीटर. टायरची नक्षी १३ मिलिमीटर झिजली की व्यास २६ नं कमी, म्हणजे अडीच टक्के. चाक लहान झालं की तेवढ्याच रस्त्याला जास्त फेरे मारतं, आणि गाडी फेरे मोजून किलोमीटर दाखवते. जुन्या टायरवर जिथं १,००० दिसत होते तिथं नव्यावर ९७५ दिसले. डिझेल दोन्ही वेळा २५० लिटरच. ड्रायव्हर सुटला, आणि त्या दिवशी बिल फक्त चहाचं झालं.

टायरचा साइज किंवा मागच्या एक्सलचा रेशो बदललात तर तो आकडा, उघडा असेल तिथं, गाडीत भरून घ्या. नाहीतर काटाही चुकतो आणि स्पीडची मर्यादाही.

स्पीड

नियमानं मालवाहू गाडीची कमाल मर्यादा ताशी ८० किलोमीटर. डंपर, टँकर आणि धोकादायक माल नेणाऱ्या गाड्यांना ६०. ती वर सरकवून मिळणार नाही. खाली मात्र आणता येते, आणि काही मालक ८० ची ६५ करून घेतातही. एक गोष्ट ड्रायव्हरला आवर्जून सांगा: ही मर्यादा डिझेल तोडते, ब्रेक लावत नाही. बोरघाट किंवा कसारा उतरताना भरलेली गाडी वजनानंच आकड्याच्या पुढं जाते. तिथं खालचा गिअर आणि एक्झॉस्ट ब्रेक, दुसरा इलाज नाही.

जे आम्ही करत नाही

ॲडब्लू (धूर साफ करायला लागणारं युरियाचं पाणी) बंद करणं, ते चालू असल्याचं ईसीएमला खोटं भासवणारा इम्युलेटर बसवणं, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी जाळी) काढणं, किलोमीटर मागं घेणं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ प्रमाणे परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. लॅपटॉपवाला तोवर दुसऱ्या ढाब्यावर गेलेला असतो. कुलपातले आकडे बदलून वाढवलेल्या पिकअपचंही तसंच. भार टर्बो आणि गिअरबॉक्सवर येतो, आणि वॉरंटीचा दावा तुमचा अडतो.

ॲडब्लूची लाईट लागली की बरेचजण सॉफ्टवेअरला दोष देतात. आमच्याकडे बहुतेक वेळा दोष टाकीत सापडतो. ॲडब्लू म्हणजे शुद्ध पाण्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया. शेतीचा युरिया कडुलिंबाचा लेप दिलेला असतो. तो विहिरीच्या पाण्यात ढवळून टाकला की ॲडब्लू फवारणाऱ्या नोझलवर पांढरे खडे धरतात, धूर साफ करणारा कॅटलिस्ट खराब होतो आणि गाडी ताकद कमी करते. हे लॅपटॉपनं निघत नाही, नोझल खोलावंच लागतं.

कामाच्या दिवशी

आधी जुनी सगळी सेटिंग वाचून त्याचा कागद तुम्हाला देतो. नवं पटलं नाही तर त्या कागदावरून परत करता येतं. लिहिताना २४ व्होल्टचा चार्जर बॅटऱ्यांना लावलेला असतो. मध्येच व्होल्टेज पडलं तर ईसीएम अडकू शकते, म्हणून त्या वेळी किल्लीला कुणी हात लावायचा नाही. सेटिंगला पासवर्ड असेल तर तो मालकाच्या हातात जातो, ड्रायव्हरच्या नाही.

येताना आरसी, टायरवरचा साइज लिहून आणि शेवटच्या तीन-चार फेऱ्यांच्या डिझेलच्या पावत्या आणा. ड्रायव्हरला सोबत आणलंत तर फार बरं. गाडी कुठं किती वेळ उभी असते, ते त्यालाच ठाऊक असतं.